बिनचूक पंचाची बडतर्फी: पॅट होबर्ग प्रकरण आणि सट्ट्याच्या काळातील बेसबॉल

३ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलने पॅट होबर्ग या पंचांना सेवेतून काढून टाकल्याचे जाहीर केले. होबर्ग यांनी स्वतः बेसबॉलवर पैसे लावल्याचा पुरावा सापडलेला नव्हता, आणि त्यांनी किंवा अन्य कोणी एखादा सामना फिरवल्याचाही पुरावा नव्हता. या दोन्ही गोष्टी लीगने आपल्या निवेदनातच नमूद केल्या होत्या. तरीही त्यांना सर्वांत कडक शिक्षा झाली. विशेष म्हणजे चेंडू मोजणाऱ्या यंत्रांच्या हिशेबाने होबर्ग हे त्या काळातील सर्वांत अचूक पंचांमध्ये गणले जात होते. अचूक पंच हा विश्वासार्ह असतोच, असे प्रेक्षक सहसा धरून चालतात. सट्टा कायदेशीर झालेल्या खेळात अचूकता आणि विश्वासार्हता यांची फारकत कशी होते, आणि पहिलीची हमी देणारे यंत्र दुसरीच्या बाबतीत कुठे अपुरे पडते, हे या प्रकरणातून नीट दिसते.

होम प्लेटमागचे काम

बेसबॉलशी फारसा परिचय नसलेल्या वाचकासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. बॅटरने न खेळता सोडलेला प्रत्येक चेंडू ‘स्ट्राइक’ होता की ‘बॉल’, हे होम प्लेटमागे (बॅटर उभा राहतो तिथली जमिनीवरची फळी), चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या पाठीशी वाकून उभा असलेला पंच ठरवतो. प्लेट १७ इंच रुंद असते आणि तिच्यावर, बॅटरच्या गुडघ्याखालून छातीपर्यंत, हवेत कल्पिलेली चौकट म्हणजे स्ट्राइक झोन. चेंडू चौकटीतून गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद होतो आणि चार बॉल झाले की त्याला पहिला बेस आपोआप मिळतो. ताशी ९५ मैल वेगाचा चेंडू तो फेकणाऱ्या पिचरच्या हातून सुटून प्लेटपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचतो, आणि असे सव्वाशे ते दीडशे निर्णय पंचाला एका सामन्यात द्यावे लागतात. एक बॉल आणि एक स्ट्राइक झालेला असताना पुढचा सोडलेला चेंडू पंचाने कोणत्या बाजूला घातला, यावर त्या बॅटरची संधी बरीचशी अवलंबून असते. त्यामुळे एखादा पंच चौकट किंचित मोठी धरतो की लहान, आणि अमुक सामन्यात प्लेटमागे कोण उभा राहणार आहे, ही माहिती एकूण धावसंख्येवर पैज लावणाऱ्यांना नेहमीच मोलाची वाटत आली आहे.

पंचाचा हा कल पूर्वी केवळ अनुभवाने ओळखला जाई. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चेंडूचा मार्ग टिपणारे कॅमेरे मैदानांवर आले, २०१५ मध्ये स्टॅटकास्ट ही मोजणीव्यवस्था सर्व मैदानांवर सुरू झाली आणि २०२० पासून तिचा पाया हॉक-आय हे तंत्र आहे, जे क्रिकेटमध्ये पायचीतच्या निर्णयांसाठी आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. ही आकडेवारी लोकांना खुली असल्यामुळे ‘अंपायर स्कोअरकार्ड्स’सारखा स्वतंत्र उपक्रम उभा राहिला आणि प्रत्येक सामन्यानंतर पंचाचे गुणपत्रक जाहीरपणे फिरू लागले. २९ ऑक्टोबर २०२२ रोजी ह्यूस्टन ॲस्ट्रोज आणि फिलाडेल्फिया फिलीज यांच्यातील वर्ल्ड सीरिज या अंतिम मालिकेचा दुसरा सामना झाला. त्यात प्लेटमागे होबर्ग होते आणि बॅटरांनी सोडलेल्या १२९ चेंडूंपैकी सर्वच्या सर्व १२९ चेंडूंवर त्यांचा निर्णय बरोबर ठरला. आयोवा राज्यातील हा पंच २०१४ मध्ये मेजर लीगमध्ये पहिल्यांदा उभा राहिला होता आणि २०१७ पासून तो पूर्णवेळ सेवेत होता. त्या रात्रीनंतर पंचगिरीच्या उत्कृष्टतेचे उदाहरण म्हणून त्याचेच नाव घेतले जाऊ लागले.

तपासात काय निघाले

फेब्रुवारी २०२४ मध्ये एका कायदेशीर सट्टा कंपनीने लीगला सूचना दिली आणि चौकशी सुरू झाली. त्या वर्षीच्या हंगामात होबर्ग यांनी एकही सामना केला नाही. लीगच्या मैदानी कामकाजाचे प्रमुख मायकेल हिल यांनी मे महिन्यात त्यांना काढून टाकण्याचा निर्णय दिला. १४ जून रोजी लीगने प्रथमच जाहीरपणे सांगितले की, सट्टाविषयक नियम मोडल्याबद्दल एका पंचावर कारवाई झाली असून त्याने अपील केले आहे. कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी हे अपील फेटाळले आणि मग फेब्रुवारी २०२५ मध्ये सविस्तर निष्कर्ष बाहेर आले.

निष्कर्षांचा गाभा असा होता. होबर्ग आणि त्यांचा एक मित्र, जो व्यावसायिक पोकरपटू होता, हे दोघे कायदेशीर सट्टा कंपन्यांची खाती मिळून वापरत होते. होबर्ग यांच्या पैजा इतर खेळांवरच्या होत्या. डिसेंबर २०२० अखेरपासून जानेवारी २०२४ च्या मध्यापर्यंत त्यांनी सुमारे ४ लाख ८७ हजार डॉलर लावले आणि त्यांत त्यांना सुमारे ५३ हजार डॉलरचा तोटा झाला. मित्र मात्र बेसबॉलवरही पैसे लावत होता. २ एप्रिल २०२१ ते १ नोव्हेंबर २०२३ या काळात त्याने बेसबॉलवर १४१ पैजा लावल्या, त्यांची एकूण रक्कम सुमारे २ लाख १४ हजार डॉलर होती आणि त्यांत त्याला सुमारे ३५ हजार डॉलरचा फायदा झाला. या १४१ पैजांपैकी आठ पैजा अशा पाच सामन्यांवर होत्या, ज्यांत होबर्ग स्वतः मैदानावर पंच होते किंवा चित्रफीत पाहून निर्णय तपासणारे रिप्ले अधिकारी म्हणून काम करत होते. या आठ पैजांत निकाल फिरवल्याचे सुचवणारा काही आकृतिबंध आढळला नाही, असेही लीगने सांगितले.

दोघांमधला पैजांचा व्यवहार टेलिग्रामवरून चालत असे, आणि चौकशीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे असलेले हे संदेश होबर्ग यांनी पुसून टाकले होते. मॅनफ्रेड यांनी आपल्या निर्णयात भर दिला तो खाते वाटून घेण्याच्या अविचारावर आणि या पुसलेल्या संदेशांवर. या दोहोंमुळे किमान गैरवर्तनाचा आभास तरी निर्माण होतो आणि तेवढा आभासही कमाल शिक्षेला पुरेसा आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. होबर्ग यांनी चुकीच्या वर्तनाची जबाबदारी स्वीकारली, मात्र आपण बेसबॉलवर कधीही पैसे लावले नाहीत आणि आपल्या निर्णयांवर कशाचाही परिणाम होऊ दिला नाही, ही भूमिका त्यांनी सोडली नाही.

नियम काय सांगतो

मेजर लीगचा एकविसावा नियम प्रत्येक क्लबहाउसमध्ये (संघाच्या खोलीत) भिंतीवर लावून ठेवावा लागतो आणि तो खेळाडू, पंच व कर्मचारी या सर्वांना लागू आहे. ज्या सामन्याशी आपला कामाचा संबंध नाही अशा बेसबॉल सामन्यावर पैज लावली तर एक वर्षाची बंदी, आणि ज्या सामन्यात आपल्यावर काही कर्तव्य आहे त्यावर लावली तर कायमची बंदी. जून २०२४ मध्ये, म्हणजे होबर्ग यांचे नाव बाहेर येण्याच्या दहाच दिवस आधी, टुकुपिटा मार्कानो या खेळाडूला याच नियमाखाली आजीवन बंदी झाली होती. जखमी असताना का होईना, पण त्याने स्वतःच्या संघाच्या सामन्यांवर पैसे लावले होते. त्याच दिवशी आणखी चार खेळाडूंना एकेक वर्षाची बंदी झाली.

होबर्ग यांचे वर्तन या दोन्ही कलमांत सरळ बसत नव्हते. कायदेशीर कंपनीकडे इतर खेळांवर पैसे लावण्याची मुभा नियमांत आहे. त्यामुळे पंचांच्या बाजूने असा युक्तिवाद करता येतो की, मित्राच्या कृत्याची शिक्षा पंचाला झाली. हा युक्तिवाद गांभीर्याने घेण्यासारखा आहे, पण माझ्या मते तो टिकत नाही, आणि त्याचे कारण नैतिकतेपेक्षा पुराव्याच्या स्वरूपात आहे.

मिळून वापरलेल्या खात्यात अमुक पैज कोणाची, हे कंपनीच्या नोंदीवरून सिद्ध होत नाही. नोंदीत रक्कम, वेळ, सामना आणि खाते एवढेच दिसते. त्यामागचा माणूस दिसत नाही. तो ओळखण्याचा एकमेव मार्ग म्हणजे त्या दोघांमधला पत्रव्यवहार, आणि नेमका तोच नष्ट झालेला होता. अशा स्थितीत ‘पुरावा सापडला नाही’ या वाक्याचे वजन फार कमी होते, कारण ज्या जागी पुरावा किंवा निर्दोषत्व यांपैकी काहीतरी सापडले असते, ती जागाच आरोपीने रिकामी केली होती. न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो आणि तो मिळायलाच हवा, परंतु पंचाची नेमणूक हा असा विश्वास आहे की जो दोन्ही संघांनी आणि लाखो प्रेक्षकांनी दररोज नव्याने द्यायचा असतो. ज्या पाच सामन्यांत होबर्ग कामावर होते, त्यांतील पराभूत संघाला लीगने काय सांगायचे होते? पैज लागली होती, पंचांचे खाते होते, संदेश पुसलेले आहेत, पण काळजी नसावी, असे सांगणे शक्य नव्हते.

तोट्याचा मुद्दाही लीगच्या निवेदनात आकड्यापुरता आला, पण तो मला अधिक अस्वस्थ करतो. तीन वर्षांत पन्नास हजारांहून अधिक डॉलर गमावणारा पंच आणि त्याच सामायिक खात्यांवरून बेसबॉलवर पैसे मिळवणारा मित्र, हे नाते दबावाला किती सहज वाव देऊ शकते, हे सांगायला कोणी तज्ज्ञ नको. तसा दबाव आला असे कोणीही म्हटलेले नाही आणि मीही म्हणत नाही. पण तो येण्याची वाट पाहणे हे कोणत्याही व्यवस्थेचे धोरण असू शकत नाही.

आधीची उदाहरणे

सट्ट्याशी संबंध जोडून पंचाला घालवण्याची बेसबॉलमधील आधीची ठळक घटना थेट १८८२ ची आहे. डिट्रॉइट संघाच्या मालकाला रिचर्ड हायम या पंचाच्या निर्णयांचा संशय आला. त्याने खाजगी गुप्तहेर नेमला आणि एका जुगाऱ्याला लिहिलेली पत्रे हाती लागल्यावर नॅशनल लीगने हायम यांना काढून टाकले. १८८२ मध्ये पत्रव्यवहार सापडला म्हणून पंच गेला आणि २०२५ मध्ये पत्रव्यवहार सापडला नाही म्हणून गेला. मधल्या काळात दूरसंपर्क इतका बदलला आहे की, पंचाने आपले संदेश सांभाळून ठेवणे हीच त्याची संरक्षक ढाल असायला हवी, असा नियम आज करावा लागेल.

बास्केटबॉलमधील टिम डॉनही यांचे २००७ चे प्रकरण अधिक बोधप्रद आहे. एनबीएच्या या पंचाने स्वतः काम केलेल्या सामन्यांसह अनेक सामन्यांवर पैसे लावले आणि जुगाऱ्यांना आतली माहिती पुरवली. त्याला पंधरा महिन्यांचा तुरुंगवास झाला. न्यायालयात त्याने कबूल केलेल्या गुन्ह्यात मैदानावर मुद्दाम चुकीचे निर्णय दिल्याचा समावेश नव्हता. कोणता पंच कोणत्या सामन्याला आहे, त्याचे कोणत्या खेळाडूशी पटत नाही, कोणाची प्रकृती ठीक नाही, असली माहिती पुरेशी विकाऊ होती. पंचाकडे विकण्यासारखे असते त्यात त्याच्या शिट्टीचा किंवा हाताच्या खुणेचा वाटा लहान असतो, हे तेव्हाच कळले होते.

मराठी वाचकाला याच संदर्भात २०१३ ची आयपीएल आठवेल. त्या वर्षी मुंबई पोलिसांनी सट्टेबाजीच्या प्रकरणात पाकिस्तानचे पंच असद रौफ यांचे नाव आरोपपत्रात घेतले आणि २०१६ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने त्यांच्यावर पाच वर्षांची बंदी घातली. त्यांच्यावरचा ठपका सट्टेबाजांकडून भेटवस्तू घेतल्याचा होता आणि तो त्यांनी अखेरपर्यंत नाकारला. तेथेही चर्चेचा केंद्रबिंदू एखादा पायचीतचा निर्णय नव्हता, तर पंचाची उठबस कोणाबरोबर आहे हा होता.

यंत्राने काय सुटते

होबर्ग प्रकरण चालू असतानाच लीगचा दुसरा मोठा प्रकल्प पूर्णत्वाला जात होता, तो म्हणजे स्ट्राइक आणि बॉल ठरवणारी स्वयंचलित यंत्रणा, जिला अमेरिकेत एबीएस म्हणतात. तिचा पहिला जाहीर प्रयोग जुलै २०१९ मध्ये अटलांटिक लीग या स्वतंत्र लीगच्या ऑल-स्टार सामन्यात झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस पंचांच्या संघटनेने नव्या करारात तिच्या विकासाला सहकार्य करण्याचे मान्य केले. पुढे खालच्या लीगमध्ये प्रत्येक चेंडू यंत्राने ठरवायचा की केवळ आक्षेप घेतलेलेच चेंडू यंत्राकडे न्यायचे, अशा दोन्ही पद्धती तपासल्या गेल्या आणि दुसरी पसंत पडली. २०२५ च्या सराव हंगामात २८८ सामन्यांत १,१८२ आक्षेप घेतले गेले, त्यांपैकी ६१७, म्हणजे ५२.२ टक्के, बरोबर ठरले. २३ सप्टेंबर २०२५ रोजी लीगच्या संयुक्त स्पर्धा समितीने २०२६ च्या हंगामापासून ही पद्धत लागू करण्यास मान्यता दिली.

पद्धत साधी आहे. प्रत्येक संघाला दोन आक्षेप मिळतात आणि आक्षेप बरोबर ठरला तर तो शिल्लक राहतो. आक्षेप फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचर घेऊ शकतो. बाकावरून इशारा घेता येत नाही आणि टोपीवर किंवा हेल्मेटवर हात थोपटून तो तत्काळ घ्यावा लागतो. चौकटीची वरची रेषा बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर आणि खालची २७ टक्क्यांवर धरली जाते, म्हणजे सहा फूट उंचीच्या बॅटरसाठी जमिनीपासून साधारण साडेएकोणीस इंचांपासून साडेअडतीस इंचांपर्यंत. उंची हाच आता चौकटीचा आधार असल्यामुळे खेळाडूंची मोजणी बूट काढून, स्वतंत्र तपासनीसांकडून होते. अर्धा इंच कमी भरल्याने कोणाचा फायदा होईल याचा विचार लीगला करावा लागला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. जिथे मोजमाप येते तिथे मोजमापात खोट करण्याचा मोहही येतो.

सट्ट्याच्या दृष्टीने या यंत्रणेचा उपयोग निश्चित आहे. वाकडा पंच उघडउघड चुकीचे निर्णय देत नाही. तो चौकटीच्या काठावरच्या चेंडूंत आपला कल लपवतो, कारण तेथे प्रामाणिक पंचाच्याही चुका होतात. आक्षेपाची सोय झाल्यावर सामन्याच्या निर्णायक क्षणी असा कल लपवणे कठीण होते: तीन माणसे त्याला तिथल्या तिथे आव्हान देऊ शकतात आणि उत्तर काही सेकंदांत मैदानाच्या पडद्यावर दिसते. तरी मूळ निर्णय माणसाचाच राहतो, आणि एखाद्या संघाचे दोन्ही आक्षेप वाया गेले की नियमित डावांत त्या संघापुरता पंचाचा शब्द पुन्हा अखेरचा होतो.

पण होबर्ग प्रकरणाकडे या चष्म्यातून पाहिले तर एबीएसने त्यातील एकही गोष्ट टळली नसती. त्यांचे चेंडूंवरचे निर्णय आधीच जवळपास यंत्राइतके अचूक होते. जे प्रश्न उभे राहिले ते खात्याचे, मैत्रीचे आणि संदेशांचे होते. शिवाय वादग्रस्त पाच सामन्यांच्या गणतीत त्यांचे रिप्ले अधिकाऱ्याचे कामही येते, आणि ते काम न्यूयॉर्कमधील केंद्रात, पडद्यासमोर बसून होते. तेथे बसलेल्या पंचाला धावबाद, झेल किंवा होम रनच्या वादाचा निकाल मैदानावरच्या पंचांच्याही आधी कळतो. तंत्रज्ञान जितके पसरते तितक्या अशा खोल्या वाढतात, जिथे कोणीतरी माणूस बाकीच्या जगाच्या काही क्षण आधी काहीतरी जाणून असतो.

येथे एक गोष्ट मात्र लीगच्या पदरात टाकायला हवी. हे प्रकरण उघडकीला आले ते कायदेशीर सट्टा कंपनीने दिलेल्या सूचनेमुळे. काळ्या बाजारातला बुकी अशी नोंद ठेवत नाही आणि ठेवली तरी ती लीगकडे आणून देत नाही. खात्यांची ओळखपडताळणी आणि नोंदी मिळण्याची सोय हा कायदेशीरपणाचा खरा लाभ आहे आणि तो नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

एकेका चेंडूचा बाजार

असे असूनही या व्यवस्थेच्या मुळाशी असलेला विरोधाभास झाकता येत नाही. १४ मे २०१८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, न्यू जर्सी राज्यातून आलेल्या दाव्यात, खेळांवरील सट्ट्याला बहुतेक राज्यांत अटकाव करणारा केंद्रीय कायदा रद्द केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेजर लीगने एमजीएम या कंपनीशी करार करून आपला पहिला अधिकृत सट्टाभागीदार जाहीर केला. लीगची अधिकृत आकडेवारी सट्टा कंपन्यांना पुरवण्याचे काम स्पोर्टरडार ही कंपनी करते. हा करार २०२५ मध्ये २०३२ पर्यंत वाढवण्यात आला आणि त्याचबरोबर लीगला या कंपनीत भागभांडवलही मिळाले. म्हणजे चेंडूचा वेग आणि जागा टिपणाऱ्या ज्या कॅमेऱ्यांनी पंचाची अचूकता मोजायची, त्यांच्याच आकड्यांवर प्रत्येक चेंडूची पैज मांडली जाते.

या पैजांचे स्वरूप बदलले आहे, हे विसरता कामा नये. पूर्वी सामना कोण जिंकेल यावर पैसे लागत. आता पुढचा चेंडू बॉल असेल की स्ट्राइक, त्याचा वेग अमुक मैलांपेक्षा कमी असेल की जास्त, यावरही पैसे लागतात. संपूर्ण सामना फिरवायला अनेक जण सामील व्हावे लागतात. एक चेंडू फिरवायला पिचर एकटा पुरतो.

त्याचे उदाहरण नोव्हेंबर २०२५ मध्ये समोर आले. क्लीव्हलँड गार्डियन्सचे पिचर इमॅन्युएल क्लासे आणि लुइस ऑर्टिझ यांच्यावर न्यूयॉर्कमधील केंद्रीय अभियोक्त्यांनी आरोपपत्र दाखल केले. ठरलेले चेंडू मुद्दाम चौकटीबाहेर किंवा ठरलेल्या वेगाने टाकून त्यांनी सट्टेबाजांना किमान ४ लाख ६० हजार डॉलर मिळवून दिले, असा आरोप आहे. दोघांनीही तो नाकारला आहे आणि न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत तो आरोपच राहील. आरोपपत्रातील एक प्रसंग मात्र यंत्र आणि सट्टा यांचे नाते उलगडून दाखवतो. २८ मे २०२५ रोजी लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्ध क्लासे यांचा एक चेंडू बॉल ठरेल यावर साथीदारांनी सुमारे ४,००० डॉलर लावले होते, पण समोरच्या बॅटरने तो बाहेरचा चेंडू मारण्याचा प्रयत्न केला, म्हणून तो स्ट्राइक धरला गेला आणि पैसे बुडाले. जमिनीवर आपटणारा चेंडू हॉक-आय बिनचूकपणे बॉल दाखवील, पंचही दाखवील, आणि दोघांचेही बरोबर असेल. फसवणूक त्या आधीच, पिचरच्या बोटांत घडलेली असेल. पंचाला शंभर टक्के अचूक केले तरी या प्रकाराला ते शिवत नाही. किंबहुना निर्णय जितका निश्चित, तितकी ठरवून टाकलेल्या चेंडूवरची पैज अधिक खात्रीची होते, कारण पंचाच्या चुकीचा धोकाही उरत नाही.

आरोपपत्रानंतर एका दिवसात लीगने जाहीर केले की, अमेरिकी बाजाराचा सुमारे ९८ टक्के हिस्सा असलेल्या सट्टा कंपन्या एकेका चेंडूवरच्या पैजेला २०० डॉलरची मर्यादा घालतील आणि अशा पैजा इतर पैजांशी जोडून लावता येणार नाहीत. ओहायोचे गव्हर्नर माइक डिवाइन यांनी तर अशा पैजा पूर्ण बंद कराव्यात, अशी मागणी आधीच केली होती. मला डिवाइन यांची मागणी योग्य वाटते. २०० डॉलरची मर्यादा एका खात्याला लागू होते. होबर्ग प्रकरणाने दाखवलेला धडा तर खाती वाटून घेतली जातात हाच आहे. ज्या बाजाराचा पंचाला, पिचरला किंवा प्रेक्षकाला काडीचाही उपयोग नाही आणि ज्यात एकटा माणूस निकाल ठरवू शकतो, तो बाजार मर्यादेत ठेवण्यापेक्षा बंद ठेवणे सोपे आहे.

याची झळ मैदानावरच्या इतरांनाही बसते. मे २०२५ मध्ये ह्यूस्टनचे पिचर लान्स मॅकलर्स यांना एका खराब सामन्यानंतर कुटुंबाला जीवे मारण्याच्या धमक्या आल्या. पोलिसांच्या तपासात धमकी देणारा परदेशात बसलेला, पैजेत हरलेला माणूस निघाला. पंचाच्या प्रत्येक निर्णयामुळे आता असाच कोणीतरी पैसे हरलेला असतो, आणि गुणपत्रकांमुळे त्याच्या हाती चुकीचा इंचांतला हिशेबही असतो.

पंचांसाठी वेगळा नियम

लीगने खेळाडू आणि पंच यांना एकाच एकविसाव्या नियमाखाली ठेवले आहे, आणि माझा मुख्य आक्षेप येथे आहे. खेळाडू एका संघाचा असतो. त्याचा कल जाहीर आणि वैध असतो. पंच कोणाचाच नसतो आणि त्याचे सारे मूल्य त्या कोणाचेच नसण्यात आहे. इतर खेळांवर पैसे लावण्याची मुभा खेळाडूला द्यायची की नाही यावर दोन मते असू शकतात. पंचाला ती नसावी, कारण फुटबॉलवर हरलेले पैसेही शेवटी कोणालातरी द्यायचेच असतात आणि तो घेणेकरी बेसबॉलवर पैसे लावणारा असू शकतो. अशी बंदी पंचांवर अन्याय करणारी वाटत असेल, तर तिचा मोबदला त्यांच्या करारात मिळावा. त्यांची संघटना तेवढी समर्थ आहे.

ती बंदी येईपर्यंतही काही गोष्टी करता येतात. प्रत्येक पंचाने आपल्या नावाची सर्व सट्टा खाती लीगकडे नोंदवावीत, खाते दुसऱ्याला वापरू देणे किंवा दुसऱ्याचे वापरणे हा स्वतंत्र आणि स्पष्ट शब्दांत लिहिलेला गुन्हा असावा, आणि चौकशीची सूचना मिळाल्यानंतर संदेश पुसणे हे स्वयंचलित बडतर्फीचे कारण असावे, म्हणजे पुढच्या वेळी कमिशनरला आभासाच्या भाषेत बोलावे लागणार नाही. रिप्ले केंद्रात आणि एबीएसच्या नियंत्रणकक्षात कोण, केव्हा, कोणत्या सामन्यासाठी बसले होते याची नोंद लीगबाहेरच्या तपासनीसांना पाहता यावी. ज्या संस्थेकडे आकडेवारी विकणाऱ्या कंपनीचे भागभांडवल आहे, तिने स्वतःच स्वतःची तपासणी करून समाधान मानणे पुरेसे नाही.

होबर्ग यांना २०२६ च्या सराव हंगामाच्या आधी पुनर्नियुक्तीसाठी अर्ज करता येणार नाही, अशी अट बडतर्फीच्या निर्णयात होती. म्हणजे परतीचे दार लीगने पूर्ण बंद केलेले नाही. असा अर्ज आल्यास त्यांच्या १२९ चेंडूंचा विचार त्यात होऊ नये असे मला वाटते, कारण त्या गुणवत्तेबद्दल शंका कधी नव्हतीच. विचार व्हावा तो त्या तीन वर्षांच्या बँकनोंदींचा, त्या मित्राच्या साक्षीचा आणि पुसलेल्या संदेशांपैकी जे काही परत मिळवता येईल त्याचा. आणि ते पाहून झाल्यावर लीगने आपला निर्णय, मग तो कोणताही असो, कारणांसह प्रसिद्ध करावा.